कोडने काढलेली, कुणाच्या नजरेत न भरलेली अमूर्त चित्रं निवडायची कशी?

प्रश्न लांबलचक होता, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतात. गेली काही वर्षं ओपनप्रोसेसिंग, शेडरटॉय अशा ठिकाणी लोकांनी कोडने केलेली अमूर्त चित्रं बघत बसायचा त्यांना नाद आहे. आवडलेल्या कामांच्या दोनेकशे लिंका एका फाइलमध्ये साठल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक कामांना पाच-सात जणांपलीकडे कुणी दाद दिलेली नाही. आता ओळखीतल्या एकाने पुण्यात दहा दिवसांसाठी एक लहानशी जागा आणि चार पडदे देऊ केलेत. यातून निवडायचं कसं, परवानगी लागते का, पडद्यावर दाखवायचं की छापून, आणि लोक ‘हे तर कॉम्प्युटरनेच केलं ना’ म्हणाले तर काय सांगायचं, असे चार प्रश्न आहेत.

मी आधी कोड लिहायचो, मग हळूहळू दुसऱ्यांचं काम दाखवणाराच झालो. लहान जागांमध्ये, एकदा तर एका कॉलेजच्या बंद पडलेल्या ड्रॉइंग हॉलमध्ये, अशी आठ-दहा प्रदर्शनं लावली. त्यातली दोन सपशेल फसली. खालचं बरंचसं त्या दोनांनी शिकवलेलं आहे.

आधी त्या दोनशे लिंकांचं बघू. प्रत्येक लिंक तुम्ही साठवलीत ती त्या वेळी पडद्यावर जे दिसलं ते आवडलं म्हणून. पण यातल्या बहुतेक प्रोग्राममध्ये रँडम आकडे असतात. पान पुन्हा उघडलं की चित्र वेगळं येतं, आणि तुम्हाला आवडलेलं चित्र कदाचित परत कधीच येणार नाही. जावास्क्रिप्टच्या साध्या रँडमला तर बीजाचा आकडा (ज्यावरून तेच रँडम आकडे पुन्हा निघतात) देण्याची सोयच नाही, त्यामुळे एकदा गेलेलं चित्र शोधूनही सापडत नाही. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये दोनशे चित्रं आहेत असं समजू नका. चित्रं काढण्याच्या दोनशे रीती आहेत, आणि निवडायची ती रीत.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. प्रत्येक काम किमान तीस वेळा चालवतो, दर वेळचं चित्र साठवतो, मग तीसही चित्रं काडेपेटीएवढी करून एका कागदावर छापतो आणि जेवणाच्या टेबलावर पसरतो. त्यातलं सगळ्यात सुंदर कुठलं ते बघत नाही, सगळ्यात वाईट कुठलं ते शोधतो. वाईटातलं वाईटही भिंतीवर लावण्याजोगं असेल तर त्या माणसाने नियमावर खरी मेहनत घेतली आहे. तिसातली चारच बरी आणि बाकी गिचमिड असेल तर तुम्ही साठवलंत ते त्या चारांपैकी एक होतं, इतकंच.

हे ओळखायला डोळा तयार करायचा असेल तर गेओर्ग नेस यांचं ‘शॉटर’ स्वतः लिहून बघा. साल 1968 च्या आसपासचं, जर्मनीतलं काम. शॉटर म्हणजे रस्त्यावर टाकतात ती खडी. एका ओळीत 12 चौकोन, अशा 22 ओळी, म्हणजे एकूण 264 चौकोन. वरची ओळ अगदी शिस्तीत उभी. खालच्या प्रत्येक ओळीत चौकोनाला किती फिरायची आणि किती सरकायची मुभा आहे ती थोडी-थोडी वाढत जाते. तळाशी पोहोचेपर्यंत ट्रकमधून खडी ओतल्यासारखं होतं. पीफाइव्ह या जावास्क्रिप्टच्या चित्रं काढायच्या लायब्ररीत वीसेक ओळींचा कोड होतो. शंभर वेळा चालवा, शंभरही वेळा शॉटरच दिसतं. एकही चौकोन आधीच्या जागी नसतो आणि तरी चित्र तेच असतं. ही ताकद रँडमची म्हणता येणार नाही. मुभा कुठे सुरू करायची आणि किती वेगाने वाढवायची हे जे एका माणसाने ठरवलं, तिथे ती आहे. मुभा वाढायचा वेग दुप्पट करून बघा, म्हणजे अर्ध्यावरच सगळं कोसळतं आणि खाली बघण्यासारखं काही उरत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळीच कामं अशा परीक्षेसाठी केलेली नसतात. टायलर हॉब्स या कलाकाराच्या ‘फिडेंझा’ची 2021 मध्ये 999 चित्रं निघाली, तीही कलाकाराने न निवडता. घेणाऱ्याने पैसे मोजले की व्यवहाराच्या आकड्यावरून चित्र तयार व्हायचं आणि जे येईल ते जगासमोर. असं काम करणाऱ्याला वाईट चित्र परवडतच नाही. पण त्याआधीची पन्नास-पंचावन्न वर्षं बहुतेक लोक शेकडो चित्रं काढून त्यातली पाच-दहा ठेवत आले. अजूनही पुष्कळ जण तसंच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. अशा कामात निवड हा कामाचाच भाग असतो. तेव्हा तिसातली सव्वीस बिघडली म्हणून लगेच काट मारू नका, आधी त्या माणसाला विचारा की तुम्ही यातली कुठली ठेवली असती. त्याने दिलेला बीजाचा आकडा वापरून तेवढंच दाखवा.

आता ‘दुर्लक्षित’ या शब्दाकडे वळतो, कारण तुमच्या सगळ्या बेताचा डोलारा त्यावर उभा आहे. कुणी बघितलं नाही हा काही गुण नव्हे. बऱ्याच कामांना दाद मिळत नाही ती त्यांच्यात दम नसतो म्हणून. तुमच्या दोनशेतली निम्मी तरी अशी निघतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उरलेल्यांच्या बाबतीत मात्र काम मागे का पडलं याचं कारण शोधायलाच हवं, कारण दाखवायचं कसं ते त्या कारणावरून ठरतं.

एक कारण म्हणजे संथपणा. एखादं काम दहा मिनिटांत हळूहळू भरत जातं आणि यादीत दिसणारं छोटं चित्र मात्र पहिल्या सेकंदाचं असतं, म्हणजे जवळपास कोरं. त्यावर बोट कोण ठेवणार? असं काम खुर्ची मांडून दाखवावं. दुसरं कारण माणसाचंच असतं: कुणी गणिताचे शिक्षक, कुणी कापडाचं डिझाइन करणारी, कुणी रात्रपाळीचा ऑपरेटर. यांना चार ओळींचं निवेदन लिहिता येत नाही, लिहावंसं वाटतही नाही. तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे आणि तिथे तुमच्यासारख्या कोड येणाऱ्या माणसाला खरं काम आहे: काम मेलेलं असतं.

केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये प्रोसेसिंग ही चित्रं काढण्यासाठीची प्रोग्रामिंगची भाषा सुरू केली. त्यानंतरची दहाएक वर्षं लोक आपलं काम जावा ॲपलेट (वेबच्या पानात चालणारा छोटा प्रोग्राम) म्हणून वेबवर चढवायचे. 2015 मध्ये क्रोमने आणि 2017 मध्ये फायरफॉक्सने ॲपलेट चालवणारी जोडणीच काढून टाकली. 31 डिसेंबर 2020 ला वेबवर ॲनिमेशन चालवणारं फ्लॅशही संपलं. एका पिढीचं काम करड्या चौकटी होऊन पडलं. मोठ्यांचं वाचलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासाठी रीस यांनी 2004 मध्ये केलेलं ‘सॉफ्टवेअर स्ट्रक्चर्स’ 2016 मध्ये नव्याने चालतं केलं गेलं, कारण पाठीशी संग्रहालय होतं. बाकीच्यांना कोण विचारतो?

पण यात एक गंमत आहे आणि ती जुन्या लोकांनाच माहीत असते. प्रोसेसिंगमधून ॲपलेट बाहेर काढलं की जे पान आपोआप तयार व्हायचं, त्याच्या तळाशी मूळ कोडची लिंक आपसूक यायची. पुष्कळांनी ती काढायचे कष्टच घेतले नाहीत. त्यामुळे करडी चौकट दिसली तरी पान खालपर्यंत सरकवा. लिंक मेलेली असेल तर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात तोच पत्ता टाका. मला अशा किती तरी फाइली मिळाल्या आहेत. आजच्या प्रोसेसिंगमध्ये उघडल्या की दोन-चार ठिकाणी चुका दाखवतं, त्या दुरुस्त केल्या की चौदा-पंधरा वर्षं झोपलेलं काम हलायला लागतं. रात्री एक वाजता हे घडतं तेव्हा घरात कुणाला उठवून सांगावंसं वाटतं, पण ऐकून घेणारं कुणी नसतं.

कोडच हरवला असेल तर? तेव्हा चित्राकडे बघून कोड पुन्हा लिहावा लागतो. 1976 ते 1978 या काळात अमेरिकेत ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड आर्ट’ नावाचं त्रैमासिक निघत होतं. त्यात चित्रं छापलेली आहेत पण बहुतेकांचा प्रोग्राम कुठेच नाही. 2012 मध्ये मॅथ्यू एपलर यांनी ‘रीकोड प्रोजेक्ट’ सुरू केला आणि लोकांनी त्या पानांकडे बघून प्रोसेसिंगमध्ये कोड लिहून पाठवले. तिथे एक चांगली शिस्त पाळली: जसंच्या तसं केलेलं वेगळं आणि बदल करून केलेलं वेगळं. तीच शिस्त तुमच्या पाटीवर हवी. मूळ कोड उघडून चालवला, मूळ कलाकाराने नव्याने लिहिला, की तिसऱ्याने बघून लिहिला? तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि प्रेक्षकाला तो कळायला हवा.

मुंबईतलं एक उदाहरण याच रांगेत बसतं, म्हणून सांगतो. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 ते 1972 या काळात ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ चालवली होती. तिथे 1970 मध्ये ‘सिझिजी’ नावाची मूकफिल्म झाली, अकराएक मिनिटांची. रेषा आणि बिंदूंची शेकडो रेखाटनं, आकड्यांच्या नियमांवरून काढलेली, आणि ॲनिमेशन राम मोहन यांचं. कॉम्प्युटर कुठेच नव्हता. तरी तिला मी या घराण्यात धरतो, कारण हात चालत होता तो नियमाच्या हुकमाने. पॅरिसमध्ये चित्रकार व्हेरा मोलनार 1959 पासून हेच करत होत्या. मनातल्या मनात एक यंत्र कल्पायचं, त्याला नियम द्यायचे आणि ते जे सांगेल ते हाताने काढायचं. खरा कॉम्प्युटर त्यांच्या हाताशी आला 1968 मध्ये. आणि पहिलं एकल प्रदर्शन भरलं 1976 साली, लंडनमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पदमसींची ‘सिझिजी’ निदान उरली. त्यांची दुसरी फिल्म, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, हिची प्रिंट प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली ती हरवलीच. आशिम अहलुवालिया यांनी त्या हरवलेल्या फिल्मवर 2016 मध्ये फिल्म केली. तुमच्या दोनशे लिंकांपैकी कितींची दुसरी प्रत कुठे आहे ते एकदा बघा. आज रात्रीच कोड उतरवून ठेवा, दाखवायचं की नाही ते नंतर ठरवा.

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवल्या जाणाऱ्या सामायिक नोंदवहीत, विकलेल्या कामांबद्दलही तुम्ही एक ओळ लिहिली होती. त्यात अमर असं काही नाही. ‘हिक एट नुंक’ हा बाजार 2021 च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये कुणाला न सांगता बंद झाला. कामं वाचली ती फाइली दुसरीकडे विखरून ठेवलेल्या होत्या आणि संकेतस्थळाचा कोड खुला होता, त्यामुळे लोकांनी लगोलग दुसरं दार उघडलं म्हणून. किमतीकडे मात्र निवड करताना अजिबात बघू नका, ना महाग म्हणून ना स्वस्त म्हणून.

परवानगी. हो, लागते. कोड उघडा दिसतो म्हणजे तो वापरायला मोकळा आहे असं नसतं. शेडरटॉयवर लेखकाने वेगळं काही लिहिलं नसेल तर अव्यावसायिक वापराचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लागू होतो. म्हणजे तुम्ही तिकीट लावलंत किंवा छापील प्रत विकलीत की अडचण आली. ओपनप्रोसेसिंगवर प्रत्येक कामाच्या माहितीत परवाना लिहिलेला असतो, तो वाचा. परवान्यात बसत असलं तरी मी पत्र पाठवतोच. पत्रात गोडगोड स्तुती कमी आणि तपशील जास्त: जागा कुठली, किती दिवस, तिकीट आहे का, छापणार का, विकणार का, पडदा किती मोठा, मानधन किती. मानधन कमी असलं तरी आकडा लिहा. पाचशे रुपये देणार असाल तर पाचशे लिहा. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य माझ्या डोळ्यांदेखत कुणी लिहिलं तर मी ते खोडतो. उत्तर आलं नाही तर ते काम दाखवायचं नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. फसलेल्या दोनांपैकी पहिल्या प्रदर्शनात मी एक काम लावलं, ज्याने चढवलं होतं त्याची रीतसर परवानगी घेऊन, त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून. चौथ्या दिवशी परदेशातून एका बाईंचं शांतपणे लिहिलेलं पत्र आलं. मूळ काम त्यांचं होतं. त्या गृहस्थांनी त्याची प्रत काढून रंग बदलले होते आणि तळातला उल्लेख उडवला होता. प्रतीवरून प्रत निघालेल्या कामाचं गोत्र मागे-मागे जाऊन बघता येतं, मी बघितलं नव्हतं. पाटी बदलली, माफी मागितली, मानधन त्यांना पुन्हा वेगळं दिलं. तेव्हापासून कोडमधल्या टिप्पण्या, चलांची नावं, विचित्र आकडे हे सगळं शोधून बघतो. एखाद्याने अंतरासाठी 37.5 असा आकडा घेतला असेल आणि तोच आकडा आणखी कुठे सापडला, तर वंशावळ लागलीच समजा.

आता दाखवण्याकडे येतो. लोक सगळ्यात कमी विचार याचाच करतात आणि प्रदर्शन बहुतेक वेळा इथेच फसतं.

चार पडद्यांवर चाळीस कामं फिरवायचा मोह होईल. करू नका. दर तीस सेकंदांनी चित्र बदलायला लागलं की ते बस स्टँडवरच्या जाहिरातीसारखं दिसतं. एका पडद्यावर एक काम, निदान पाच दिवस तरी. चार पडदे, दहा दिवस, म्हणजे फार तर आठ कामं. दोनशेतून आठ. जड जाईल, पण निवड म्हणतात ती हीच.

घरच्या लॅपटॉपवर छान चालणारं काम त्या जागेत वेगळं वागतं. जुना कोड पडद्याच्या ताज्या होण्याच्या वेगाला बांधलेला असेल तर 60 ऐवजी 144 हर्ट्झच्या पडद्यावर तो जवळजवळ अडीच पट पळतो, आणि संथ काम आलाप सोडून एकदम द्रुत लयीत शिरतं. कोड 600 बाय 600 च्या चौकटीसाठी लिहिलेला असेल आणि तुम्ही तो मोठ्या आडव्या टीव्हीवर ताणलात तर रेषांची जाडी आणि मधली मोकळी जागा यांचं नातं तुटतं. ताणू नका, काळ्या मोकळ्या जागेत मधोमध चौकोनच ठेवा. पीफाइव्हची फाइल इंटरनेटवरून येत असेल तर ती आणि तिची नेमकी आवृत्ती स्वतःच्या यंत्रात उतरवून घ्या. जागेवरचं वायफाय उद्घाटनाच्या दिवशी हमखास दगा देतं.

शेडर, म्हणजे थेट ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम, असेल तर आणखी एक दुखणं. माझ्या दुसऱ्या फसलेल्या प्रदर्शनात स्वस्तातल्या टीव्ही बॉक्सवर एक शेडर लावला होता, धुक्यासारखा हळुवार सरकणारा. मी सकाळी एखादं मिनिट बघून निघून गेलो. दुपारी परत आलो तर चित्र गचके खात होतं. कारण समजायला दोन दिवस गेले. अशा स्वस्त चिपमध्ये मध्यम अचूकतेचा आकडा 16 बिटांचा असू शकतो. सेकंदांत मोजलेला काळ 1024 च्या पुढे गेला, म्हणजे 17 मिनिटं झाली, की दोन आकड्यांमधलं अंतरच एक सेकंदाचं होतं. 2048 च्या पुढे, चौतीस मिनिटांनंतर, दोन-दोन सेकंदांच्या उड्या. चांगल्या यंत्रावर 32 बिट असतात, तिथे हा त्रास उशिरा येतो, पण रँडम आकड्यासाठी साइनच्या उत्तराचे शेवटचे दशांश कापून वापरायची जी सर्रास युक्ती आहे ती तिथेही यंत्रागणिक वेगळं चित्र देते. उपाय साधे आहेत: कोडमध्ये अचूकता वाढवून घ्या, किंवा ठरावीक वेळाने पान आपोआप पुन्हा उघडू द्या. कुठलंही काम दाखवण्याआधी ज्या यंत्रावर ते चालणार आहे त्याच यंत्रावर पूर्ण एक दिवस चालवून बघा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग भडक करणारा आणि हालचाल गुळगुळीत करणारा, असे दोन्ही पर्याय बंद करा. दुकानदाराने चालू करून दिलेले असतात.

छापायचं का? कामावर अवलंबून आहे. प्लॉटरसाठी, म्हणजे पेन धरून रेषा काढणाऱ्या यंत्रासाठी, केलेली रेषांची कामं कागदावरच शोभतात, पेनाची शाई कागदात मुरल्याशिवाय त्यांना अंग येत नाही. सतत बदलणाऱ्या कामाचं एक चित्र छापून टांगलं तर ती फक्त आठवण झाली. मला जमलेली मांडणी अशी: पडद्यावर प्रोग्राम चालू आणि शेजारच्या भिंतीवर त्याच प्रोग्रामची बारा छोटी चित्रं, तीन ओळींत. त्यातलं एक मुद्दाम बिघडलेलं, कलाकाराच्या संमतीने. लोक त्या बिघडलेल्यापाशी थांबतात, शेजारच्याशी तुलना करतात आणि नियम त्यांना न सांगता कळायला लागतो.

पाटीवर नियम दोन वाक्यांत लिहा, साध्या मराठीत. शॉटरची पाटी मी अशी लिहीन: “बारा-बारा चौकोनांच्या बावीस ओळी. खालच्या प्रत्येक ओळीत चौकोनांना हलायची मुभा थोडी वाढते.” त्याखाली साल, भाषा, मूळ यंत्र, आज चालतंय ते यंत्र, आणि बीजाचा आकडा असेल तर तो. ‘अराजक आणि सुसूत्रता यांचा संवाद’ असलं काही नको. शोभेसाठी कोडची मोठी चळत भिंतीवर टांगू नका, लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. ड्विटर या संकेतस्थळावरचं 140 अक्षरांत संपणारं काम असेल तर मात्र पूर्ण कोड मोठ्या अक्षरात जरूर लावा (हे ‘ड’वालं ड्विटर, गल्लत नको). एवढ्याशा ओळीतून एवढं निघतं याचं आश्चर्य खरं असतं.

आपल्याकडच्या निवेदनांत रांगोळी, कोलम आणि हातमाग ही त्रयी हटकून येते. मीही पूर्वी लिहायचो. नातं खोटं नाही. चेन्नईच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये कोलमच्या आकृत्या औपचारिक व्याकरणात, म्हणजे आकृती टप्प्याटप्प्याने घडवणाऱ्या नियमांत, मांडून दाखवल्या होत्या, आणि त्या कामाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. तिथपर्यंत जाऊन कुणी काही केलं असेल तर अवश्य लिहा. ठिपके दिसले की ठिपक्यांची रांगोळी आठवली, एवढ्यावर मात्र वाक्य खर्च करू नका.

राहिला तो प्रश्न: ‘हे कॉम्प्युटरनेच केलं ना?’ आता त्याला शेपूट जोडलं जातं, ‘एआय आहे का?’ उत्तर देताना वैतागू नका. एआयच्या चित्रात यंत्र लाखो चित्रं पाहून शिकलेलं असतं. इथे यंत्राने एकही चित्र पाहिलेलं नाही, माणसाने लिहिलेल्या ओळी ते पाळतं, एवढं सांगितलं की बहुतेकांना पुरतं. त्याहून खोलात जाणारा भेटला तर मी मायकल नोल यांची गोष्ट सांगतो. बेल लॅब्जमधले हे संशोधक 1965 मध्ये ‘गाउसियन क्वाड्रॅटिक’ या आपल्या चित्राचा कॉपीराइट नोंदवायला गेले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आधी नाकारलं, चित्र यंत्राने काढलंय म्हणून. त्यांनी सांगितलं, प्रोग्राम माणसाने लिहिलाय. मग दुसरी हरकत आली, त्यात रँडमपणा आहे. त्यांनी पुन्हा सांगितलं, तो रँडमपणाही गणिताच्या नियमानेच तयार होतो. शेवटी नोंद झाली. याच नोल यांनी चित्रकार पीट मोंद्रियान यांचं एक चित्र आणि कॉम्प्युटरने केलेलं त्याच धाटणीचं चित्र शंभर जणांना दाखवलं होतं. 59 जणांना कॉम्प्युटरचं जास्त आवडलं आणि कुठलं कुणाचं हे फक्त 28 जणांना बरोबर सांगता आलं.

प्रेक्षकाला बोलतं करायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. 1971 मध्ये पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात मानफ्रेड मोर यांचं प्रदर्शन भरलं, संपूर्ण प्रोग्रामने केलेल्या चित्रांचं. तिथे प्लॉटर लोकांसमोर चित्रं काढत होता आणि भिंतीवर एक मोठा कागद लावला होता: कॉम्प्युटरच्या मदतीने होणाऱ्या सौंदर्यशोधाबद्दल तुम्हाला काय वाटतं? लोकांनी त्यावर मनात आलं ते लिहिलं. मी ही युक्ती दोनदा उचलली आहे. अभिप्रायाच्या वहीत सगळे ‘खूप छान, शुभेच्छा’ लिहितात. भिंतीवरच्या कागदावर एकाने लिहिलं होतं, “माझ्या मुलीला हे करता येईल. तिला शिकवाल का?” त्या कागदाचा मी जपून ठेवलेला तुकडा अजून माझ्याकडे आहे.

तुमच्या हातात अजून किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. महिना असेल तर पहिला आठवडा फक्त तीस-तीस वेळा चालवून बघण्यात घाला, पत्रं दुसऱ्या आठवड्यात जाऊ द्या, कारण उत्तरं यायला वेळ लागतो. आणि जागा पक्की करण्याआधी एकदा दुपारी चार वाजता तिथे जाऊन या. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येत असेल तर काळ्या पार्श्वभूमीची कामं त्या भिंतीवर दिसणारच नाहीत. मग एक तर जाड पडद्याचं कापड आणा, नाही तर त्या बाजूला कागदावरची कामं लावा.